प्रकल्प नोंदी: कपाटातला एसएक्स-७०

१५ जानेवारी २०२३

संक्रांतीला सांगलीला गेलो होतो. आजोबांचं गोदरेजचं कपाट रिकामं करायला घेतलं, तेव्हा मफलरात गुंडाळलेली एक चपटी, जड वस्तू आईनं हातात दिली. "काकाचा अमेरिकेचा कॅमेरा. चालत नाही, पण टाकवतही नाही." मिटलेला असला की चष्म्याचं मोठं घर वाटावं असा. वरचा उंचवटा चिमटीत धरून ओढला की कट्‌ आवाज करून उभा राहतो, पोटातला भाता ताणला जातो. पत्रा वाटतो तो भाग खरं तर मुलामा दिलेलं प्लास्टिक आहे, त्यावर तपकिरी चामडं. पोलरॉइड एसएक्स-७०, फोटो काढताच तो बाहेर टाकणारा झटपट कॅमेरा.

१९७८ च्या मे महिन्यात काका न्यू जर्सीहून आला तेव्हा हा घेऊन आला. सोबत फिल्मची दोन पाकिटं, एकेकात दहा फोटो. पंधरा दिवसांत वीसही संपले. सांगलीत फिल्म मिळायचा प्रश्नच नव्हता. मुंबईला कुणाकुणाला विचारून झालं आणि कॅमेरा मफलरात गेला तो आजपर्यंत.

वीसपैकी घरात किती उरलेत, विचारलं. एक. आजोबा झोपाळ्यावर, डोळे मिटलेले, कडा पिवळट पडलेल्या.

"बाकीचे?"

"ज्याचा काढला, तो घेऊन गेला."

कॅमेरा पुण्याला आणला आहे. तो चालता करायचा, आणि जूनअखेर आमच्या फोटो मंडळात झटपट फोटोच्या इतिहासावर पाऊण तास बोलायचं, असं कबूल करून बसलोय. त्यासाठी ही वही.

२१ जानेवारी

कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. सेल घालायची जागा कुठंच नाही. संध्याकाळ त्यातच गेली, मग उलगडा झाला: बॅटरी कॅमेऱ्यात नसतेच, फिल्मच्या पाकिटात असते. दहा फोटोंच्या खाली पत्त्यासारखी चपटी, सहा व्होल्टची. नवं पाकीट घातलं की नवी बॅटरी. गिऱ्हाइकाच्या हातात सेल संपलेला कॅमेरा कधी राहूच नये, हा हिशेब.

म्हणजे फिल्म नसेल तर हा कॅमेरा नुसता दगड. शटर, आरसा, मोटर, सगळं त्या पाकिटावर जगतं. "बिघडलाय" असं आम्ही पंचेचाळीस वर्षं म्हणत आलो. त्याला फक्त उपाशी ठेवलेलं होतं. निदान तशी आशा आहे.

दोनपैकी एक रिकामं पाकीट आजीनं शिवणाच्या डब्यात बटणं ठेवायला जपलं होतं. ते आईनं कुरिअरनं पाठवलं, बटणांसकट.

२८ जानेवारी

पाकिटातली मेलेली बॅटरी काढली, तांब्याच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, पातळ वायरी बाहेर काढून चार पेन्सिल सेल जोडले. पुढचं झाकण बंद केलं आणि कॅमेरा गुरगुरला. मी दचकून टेबलापासून मागे सरलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिक्सर का लावलास?"

फोटोचं बटण दाबलं. शटर मिटतं, आत आरसा उलटतो, शटर उघडून पुन्हा मिटतं, मग मोटर रोलर फिरवते. हा सगळा क्रम दीड-एक सेकंदात. मोटर जिवंत आहे. आजचं काम इथंच थांबवतो, नाहीतर काहीतरी मोडून ठेवेन.

५ फेब्रुवारी

आज हात नाही, वाचन.

एडविन लँड, पोलरॉइडचा संस्थापक. जन्म १९०९, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं ब्रिजपोर्ट. हार्वर्डला प्रवेश घेतला, पदवी न घेता बाहेर पडला. कॅमेऱ्याशी त्याचा आधी काहीच संबंध नव्हता. तो प्रकाशाच्या ध्रुवीकरणामागे, म्हणजे प्रकाशलहरींना एकाच दिशेत कंप पावायला लावण्यामागे, लागलेला. ध्रुवीकरण करणारा स्वस्त, पातळ पडदा त्यानं बनवला आणि त्याच धंद्यावर १९३७ साली पोलरॉइड कंपनी उभी राहिली. 'पोलरॉइड' म्हणजे मुळात उन्हाचे चष्मे आणि दिवे. फोटो नंतर आले.

डिसेंबर १९४३, न्यू मेक्सिकोतलं सँटा फे. कुटुंब सुटीवर. तीन वर्षांच्या जेनिफरचा फोटो काढल्यावर तिनं बापाला विचारलं, मला तो आत्ता का दिसत नाही? लँड फिरायला बाहेर पडला आणि परतेपर्यंत कॅमेरा, फिल्म, रसायन यांची जुळणी त्याच्या डोक्यात बरीचशी बसली होती, असं तो स्वतः सांगत असे. त्याचे पेटंटचे वकील डोनाल्ड ब्राऊन त्या दिवसांत त्याच गावात होते. लगेच त्यांना गाठून सगळं सांगून टाकलं. गोष्ट जरा जास्तच गोंडस आहे, पण पुढच्या खटल्यांच्या दृष्टीनं मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं पात्र वकीलच वाटतं.

प्रश्न सोपा होता. उत्तराला तीन वर्षं लागली. २१ फेब्रुवारी १९४७ ला न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियात ऑप्टिकल सोसायटीची सभा होती. लँडनं स्वतःचाच फोटो काढला, मिनिटभर थांबून दोन कागद सोलून वेगळे केले, आणि त्याचाच मोठा चेहरा सभेसमोर धरला.

६ फेब्रुवारी

काल रात्री झोपेत तेच घोळत राहिलं: एका मिनिटात डार्करूम गेली कुठं?

कॉलेजात डार्करूममध्ये हात पिवळे केलेत, म्हणून स्वतःला समजेल असं लिहून ठेवतो. साध्या फिल्मवर चांदीच्या क्षाराचे कण असतात. प्रकाश पडलेले कण डेव्हलपरमध्ये काळे होतात. न पडलेले तसेच राहतात आणि ते आपण हायपोत विरघळवून मोरीत सोडून देतो. लँडनं मोरीत जाणारा तोच माल कामाला लावला. निगेटिव्हला दुसरा कागद चिकटवायचा, मध्ये डेव्हलपर आणि हायपो एकत्र असलेली घट्ट लेई. प्रकाश पडलेली चांदी निगेटिव्हमध्येच काळी होऊन अडकते. न पडलेली विरघळून पलीकडच्या कागदाकडे सरकते, तिथं पेरून ठेवलेल्या बारीक बीजकणांवर बसते आणि काळी होते. म्हणजे जिथं ऊन तिथं समोरचा कागद कोरा, जिथं सावली तिथं काळा. निगेटिव्ह आणि फोटो एकाच वेळी, एकाच लेईत. ओतून द्यायच्या पेजेवर पंगत उठवल्यासारखं.

हे तत्त्व एकट्या लँडला सुचलं असंही नाही. १९३९ च्या सुमारास बेल्जियममध्ये गेव्हार्टचे आंद्रे रॉट आणि जर्मनीत आग्फाच्या एडिथ वायडे यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याच मार्गानं कागदपत्रांच्या नकला काढून दाखवल्या होत्या. ऑफिसातल्या नकलांसाठी ते ठीक होतं. ते कॅमेऱ्याच्या पाठीत बसवणं, लेई पुडीत बंद करणं, आणि ती पुडी दोन रोलरमध्ये दाबून फोडणं हे लँडचं.

सगळा खेळ त्या लेईचा आहे. सगळीकडे सारखी पसरली पाहिजे, केसाहून पातळ. कॅमेरा म्हणजे तिला लाटणारं लाटणं.

१९ फेब्रुवारी

चामडं हात लावला की भुसा होऊन पडायचं. सगळं खरवडून काढलं. अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरकडे तुकडा घेऊन गेलो. त्यानं कॅमेरा बघून विचारलं, "हे पुस्तक उघडतं कसं?" मग वहीच्या पाठीला लावतात ते तपकिरी चामडं कडांना सुरीनं तासून पातळ करून दिलं. डिंक नको, तो चामडं फुगवतो, हा सल्लाही त्याचाच. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून बसवलं. एका कोपऱ्यात सुरकुती राहिली आहे. राहू दे.

अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घालून पाहिली. एक टाचणीएवढं भोक. काळ्या कापडाचं ठिगळ लावलं.

५ मार्च

रोलर साफ करताना हिरवट-पांढरे कडक ठिपके सापडले. १९७८ ची लेई! स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं काढली, हातमोजे घालून. लेई अल्कधर्मी असते, वाळली तरी डोळ्यापासून लांब ठेवावी. रोलरवर असा एक ठिपका राहिला तर प्रत्येक फोटोवर ठरावीक अंतरानं तोच डाग उमटत जातो.

इथून एसएक्स-७० च्या मुळाशी जावं लागलं. त्याआधी वाटेतली पंचवीस वर्षं भराभर.

पहिला कॅमेरा, मॉडेल ९५, २६ नोव्हेंबर १९४८ ला बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात विकायला ठेवला. किंमत ८९ डॉलर ७५ सेंट, वजन दोन किलोच्या आसपास. विकायला ५७ नग होते. पहिल्याच दिवशी संपले. फोटो तपकिरी यायचे. १९५० मध्ये खरे काळे-पांढरे आले आणि लगेच फिके पडायला लागले, म्हणून प्रत्येक पाकिटासोबत एक ओला बोळा यायला लागला. फोटो सोलला की त्यावर तो फिरवायचा, वाळवायचा. फोटो हवेत हलवायची सवय लोकांना बहुधा तिथून लागली. एसएक्स-७० च्या फोटोत सगळं आत बंद असतं, तो हलवून काहीच होत नाही. तरी आजही लग्नात कुणी इन्स्टॅक्स, म्हणजे फुजीचा झटपट फोटो, काढला की करवल्या पंख्यासारखा हलवतात.

काळ्या-पांढऱ्या फिल्मचं संशोधन सांभाळलं मेरो मॉर्स यांनी. शिक्षण कलेच्या इतिहासाचं. लँडला प्रयोगशाळेत अशी माणसं लागत. छायाचित्रकार अँसेल अॅडम्स कंपनीचे सल्लागार होते. नवी फिल्म आली की योसेमिटीच्या डोंगरात नेऊन तिचे दोष कळवायचे. रंगाचा प्रश्न हॉवर्ड रॉजर्स यांनी सोडवला, त्याला १९६३ उजाडलं. युक्ती अशी की रंग आणि डेव्हलपर एकाच रेणूत एकमेकांना बांधायचे. जिथं प्रकाश पडलेली चांदी भेटेल तिथं डेव्हलपर खर्च होतो आणि त्याला बांधलेला रंगही जागीच अडकतो. जो अडकत नाही तो वर सरकतो. पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी निळा, तिघांचं तसंच.

पण १९७२ पर्यंत हे सगळं सोलायचं काम होतं. प्रत्येक फोटोमागे लेईनं बरबटलेला एक कागद उरायचा. सहलीच्या जागी कचरा व्हायचा आणि लँडला ते खुपायचं. एसएक्स-७० त्यातून आला.

६ मार्च

कालचं अर्धवट राहिलं. एसएक्स-७० चा फोटो म्हणजे एक बंद लखोटा. खालची जाड पांढरी पट्टी, जिच्यावर आपण नाव-तारीख लिहितो, ती शोभेची नाही. लेईची पुडी तिच्यात असते. वरच्या पट्टीत उरलीसुरली लेई अडकवायचा सापळा. मधल्या चौकोनात थरावर थर.

मला अडकवणारा प्रश्न वेगळाच होता. फोटो कॅमेऱ्यातून भर उन्हात बाहेर पडतो, तेव्हा आतली चांदी प्रकाशाला अजून हळवी असते. मग तो जळत का नाही? उत्तर वाचून वही मिटून ठेवली आणि चहा करून घेतला. लेईत पांढरा रंग असतो, टायटॅनियम डायऑक्साइड, घराच्या ऑइलपेंटमध्ये असतो तोच. आणि असे रंगकण असतात की लेई अल्कधर्मी असेपर्यंत ते गडद असतात. रोलरमधून बाहेर येताक्षणी फोटोवर हा पडदा पसरतो. त्याच्यामागे, भर उन्हात, डार्करूम. मग आतला आम्लाचा थर हळूहळू अल्क मारत जातो आणि पडदा बिनरंगी होतो. मागे उरतो पांढरा रंग, फोटोचा कागद म्हणून. शाळेत लिटमस निळा-लाल करून जे सोडून दिलं, त्यावर या माणसानं खोली बांधली.

लँडनं कॅमेरा दाखवला एप्रिल १९७२ च्या भागधारकांच्या सभेत. कोटाच्या खिशातून काढला, उघडला आणि दहा सेकंदांत पाच फोटो काढले. किंमत १८० डॉलर. काकाला आज फोनवर विचारलं, तुला कितीला पडला? "अरे, तेव्हा मी दोन जणांबरोबर खोली वाटून राहत होतो. आकडा वहिनींना सांगू नकोस."

१८ मार्च

फिल्म आली. चुकीची आली. ऑनलाइन विक्रेत्यानं ६०० जातीची पाठवली. ही साधारण चौपट हळवी. पाकिटाच्या पोटाला मुद्दाम छोटे उंचवटे ठेवलेले, म्हणजे एसएक्स-७० मध्ये सरकूच नये. दोन आठवडे परत करण्याच्या ईमेलांत जाणार. एका फोटोला तीनशेच्या वर रुपये पडताहेत आणि आता पाकिटात दहा नाही, आठच येतात.

९ एप्रिल

बरोबर फिल्म आली. फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. काल काढून तासभर बाहेर ठेवली, मग घातली. काळा पुठ्ठा आपोआप बाहेर आला. पहिला फोटो: गॅलरीतली तुळस. पहिल्यांदा निळसर धुकं, मग पंधरा मिनिटांनी तुळस, पण सगळीकडे हळद सांडल्यासारखी. खालचा डावा कोपरा कोराच. तिथं लेई पोचली नाही.

दुसरा: शेजारच्या आजी. तोही पिवळा. आजी म्हणाल्या, "कावीळ झालीय का मला?" फोटो मात्र त्या घेऊन गेल्या.

सूचना आता वाचली. तेरा ते अठ्ठावीस अंश तापमान हवं. थंडी असली तर फोटो निळा आणि फिका, उकाड्यात पिवळा-तांबडा. पुण्यात काल दुपारी अडतीस होतं. अमेरिकेच्या ईशान्येकडल्या न्यू इंग्लंडच्या हवेत जन्मलेल्या रसायनाला एप्रिलचं पुणं मानवत नाही, यात त्याचा दोष नाही.

उरलेले सहा सकाळी सहाला काढायचे. बाहेर पडला की फोटो उलटा करून जेवणाच्या डब्यात, खाली बर्फाची पिशवी. शिवाय कोपऱ्यासाठी रोलर पुन्हा साफ केले. उजव्या टोकाला माझ्याच कापसाचा एक तंतू अडकला होता.

१६ एप्रिल

सहापैकी चार चांगले. खरंच चांगले. उन्हात पिकल्यासारखे मऊ रंग. वीतभराहून थोड्या अंतरावरून काढलेल्या जास्वंदीचा पराग मोजता येतो. काचेची चार भिंगं, पन्नास वर्षांपूर्वीची.

ही फिल्म आज मिळते, हे अघटितच आहे. २००१ मध्ये जुनी पोलरॉइड दिवाळखोरीत गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये फिल्म बंद करायची घोषणा झाली. नेदरलँड्समधल्या एन्शेडे गावचा कारखाना शेवटचा. तो बंद होतानाच्या कार्यक्रमात फ्लोरियान काप्स या व्हिएन्नाच्या फिल्मविक्याची आणि कारखान्यातले आंद्रे बॉसमन यांची गाठ पडली. यंत्रं भंगारात जायची होती. त्यांनी ३१ लाख डॉलरला ती घेतली. जुन्या कामगारांतले दहा जण सोबत. नाव ठेवलं 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट'.

यंत्रं मिळाली तरी फिल्म बनेना. रंग, थर, लेईतले घटक पुरवणारे बहुतेक कारखाने बंद झालेले. तो उन्हाचा पडदा तर नाहीच. म्हणून नवीन सूत्र पहिल्यापासून मांडावं लागलं. मार्च २०१० ला पहिली फिल्म आली ती काळी-पांढरी, तीही बाहेर पडताच झाकून ठेवावी लागे. २०१७ मध्ये तेच लोक 'पोलरॉइड ओरिजिनल्स' झाले, २०२० मध्ये नुसतं 'पोलरॉइड'. भंगारवाल्यानं वाड्याचं नाव लावलं म्हणा. माझ्या बर्फाच्या पिशवीमागे हा सगळा इतिहास आहे. १९७८ च्या फिल्मला डब्यात झाकायची गरज नव्हती.

सोलायच्या फिल्मला असं कुणी वेळेवर भेटलं नाही. फुजी ती बनवत होती, तिनं शेवटची रंगीत २०१६ मध्ये थांबवली.

७ मे

आज कोडॅक. व्याख्यानात यालाच जास्त वेळ देणार आहे, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांनी पहिला फोटो कोडॅकवर काढलाय आणि त्यांना हे ठाऊक नाही.

पोलरॉइडच्या सोलायच्या रंगीत फिल्मची निगेटिव्ह कोडॅकच बनवून देत असे. एसएक्स-७० साठी पोलरॉइडनं न्यू बेडफर्डला स्वतःचा कारखाना घातला. एप्रिल १९७६ मध्ये कोडॅकनं स्वतःचे झटपट कॅमेरे बाजारात आणले आणि आठवडा उलटायच्या आत पोलरॉइड कोर्टात गेली. सप्टेंबर १९८५ ला न्यायाधीश राया झोबेल यांनी निकाल दिला, सात पेटंटांचा भंग झाला. जानेवारी १९८६ मध्ये कोडॅक या धंद्यातून बाहेर. लोकांकडे गेलेले सुमारे १ कोटी ६५ लाख कॅमेरे एका दिवसात निकामी, कारण त्यांची फिल्म बनवायला मनाई. १९९१ मध्ये कोडॅकनं ९२ कोटी ५० लाख डॉलर भरले.

म्हणजे पुन्हा तेच. कॅमेरा कुणाचाच बिघडला नाही. पाकीट बंद झालं.

गंमत रचनेत आहे. एसएक्स-७० चा फोटो ज्या बाजूनं काढतो त्याच बाजूनं बघतो, त्यामुळे उजवं-डावं उलटतं. ते सुलट करायला पोटात आरसा लागतो. कोडॅकनं मागून प्रकाश घेऊन पुढून दाखवायची फिल्म केली, आरशाची गरजच नाही. आज लग्नाच्या हॉलमध्ये फिरणारा फुजीचा इन्स्टॅक्स, १९९८ मध्ये आलेला, त्याची फिल्मही मागूनच प्रकाश घेते. हरलेल्याची वाट टिकली.

लँड हा निकाल कंपनीत बसून ऐकायला नव्हता. १९७७ ला त्यानं झटपट चित्रपटाची पोलाव्हिजन नावाची यंत्रणा काढली. आवाज नाही, अडीच मिनिटांची रिळं. ती सपशेल आपटली. १९८० मध्ये मुख्य पद सोडलं, १९८२ मध्ये कंपनीच. १ मार्च १९९१ ला वारला. नावावर ५३५ अमेरिकी पेटंटं.

२१ मे

हे व्याख्यानात घ्यायचं की नाही यावर मित्राशी वाद झाला. घेणार.

१९७० मध्ये पोलरॉइडच्या अमेरिकेतल्या केंब्रिजच्या इमारतीत दोन कृष्णवर्णीय कर्मचारी, फोटोग्राफर केन विल्यम्स आणि रसायनशास्त्रज्ञ कॅरोलाइन हंटर, जेवायला निघाले होते. एका भिंतीवर त्यांना ओळखपत्राचा नमुना दिसला. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव. वर्णद्वेषी सरकार काळ्या माणसाला जो पास सतत बाळगायला लावायचं, त्याचे फोटो पोलरॉइडच्या आयडी-२ यंत्रावर निघत होते. दोन मिनिटांत तयार ओळखपत्र, ही त्या यंत्राची खुबी. दोघांनी मोहीम उभी केली, बहिष्काराची हाक दिली, दोघांचीही नोकरी गेली. सात वर्षांनी, १९७७ मध्ये, तिथला वितरक सरकारला गुपचूप माल देतो हे उघड झाल्यावर पोलरॉइडनं दक्षिण आफ्रिका सोडली.

मित्राचं म्हणणं, हौशी मंडळात हे कशाला. माझं म्हणणं, काका त्याच कंपनीचा कॅमेरा घेऊन आला त्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट आहे. झटपट फोटो सुटीतल्या मुलीसाठी सुचला असेल. पोलीसचौकीलाही तो तेवढाच सोयीचा.

४ जून

आईशी फोन. तिला मी लँडची मिनिटभराची गोष्ट कौतुकानं सांगत होतो. ती म्हणाली, "त्यात काय? जत्रेत पेटीवाला द्यायचा की." तिपाईवर लाकडी पेटी, मागं काळी बाही. फोटोवाला बाहीत हात घालून आत काहीतरी खुडबुड करायचा, आणि बादलीत ओला फोटो तरंगायचा. मागं रंगवलेला पडदा, विमानाचा.

बरोबर आहे तिचं. त्या पेटीतच डार्करूम असते. कागदावर निगेटिव्ह काढायची, आतच डेव्हलप करायची, मग ती लेन्ससमोर फळीवर लावून तिचाच फोटो काढायचा, की सुलटा होतो. अफगाणिस्तानात याला कामरा-ए-फौरी म्हणतात, आणि तिथं तो अगदी अलीकडेपर्यंत रस्त्यावर होता. न्यूयॉर्कला १९२५ मध्ये अनातोल जोसेफोचा फोटोमॅटन बसला: २५ सेंट टाकायचे, आठ मिनिटांत आठ फोटोंची पट्टी. लँडच्या बावीस वर्षं आधी.

फरक एवढाच की पेटीवाल्याचे हात काळे व्हायचे. लँडनं ते हात पुडीत घातले. व्याख्यानाची सुरुवात आता सँटा फेला नाही, जत्रेत होणार. पाच पानं फाडली.

२५ जून

व्याख्यान झालं. पाऊणच्या ऐवजी सव्वा तास बोललो, याबद्दल ऐकून घेतलं.

दुसरं पाकीट त्यासाठी राखलं होतं. बेत असा की शेवटी हॉलमध्ये एक फोटो काढून सर्वांसमोर उमटताना दाखवायचा. आदल्या रात्री लक्षात आलं नाही ते तिथं आलं. पाऊस, मळभ आणि दोन ट्यूबलाइट. ही फिल्म मंद आहे, आणि कॅमेऱ्याचा डोळा उजेड पुरेसा जमेपर्यंत शटर उघडं ठेवतो, वेळ पडली तर कित्येक सेकंद. पहिला फोटो म्हणजे राखाडी भुताटकी. दुसरा तसाच. लोक सभ्यपणे गप्प.

मग सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. तिथं हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशी पाऊस थांबायची वाट बघत उभ्या होत्या. त्यांना विचारलं. त्यांनी पदर सारखा केला आणि लष्करी शिस्तीत उभ्या राहिल्या. बटण दाबलं, मोटर गुरगुरली, फोटो डब्यात गेला. हवा गार, चोवीस अंश. बर्फ लागला नाही.

दहा मिनिटं वीस माणसं एका स्टीलच्या डब्याभोवती उभी होती. झाकण उघडलं तेव्हा आधी साडीचा हिरवा आला, मग कपाळ, मग मागचा ओला आंबा. कोपरे चारही भरलेले.

मावशींनी फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला, मग ब्लाउजच्या आत ठेवला आणि छत्री उघडून निघून गेल्या.

२८ जून

मंडळाच्या सचिवांचा निरोप: अहवालात लावायला कार्यक्रमात काढलेला फोटो पाठवा, निगेटिव्ह असेल तर उत्तम. त्यांना दोन राखाडी भुतं पाठवली आहेत.

काकाला रात्री फोन केला. १९७८ चे एकोणीस कुणाकुणाकडे गेले, आठवतं का विचारलं. तो आठवून आठवून नावं सांगत होता, मी लिहून घेत होतो. अकरा झाली. पाकिटात पाच फिल्म शिल्लक.